दोन सर्व्हर, एक नाव: डीएनएसवरून ट्रॅफिक वाटताना

दहावी-बारावीचे निकाल हल्ली दुपारी १ वाजता ऑनलाइन लागतात, आणि त्याच सुमारास नागपुरातल्या क्लासेसच्या, ज्युनिअर कॉलेजांच्या साइट्सवरही झुंबड उडते. गुणवंतांची यादी, प्रवेशाचे अर्ज, मागच्या वर्षीचे कट-ऑफ, सगळं सगळ्यांना एकदमच हवं असतं. वर्षभर निवांत चालणारा सर्व्हर त्या अर्ध्या तासात गुडघे टेकतो. मग दुसरा सर्व्हर भाड्याने घेतला जातो आणि डोमेनच्या सेटिंगमध्ये त्याचा आयपी पत्ता जोडून दिला जातो. वेगळं उपकरण लागत नाही, फारसा खर्चही वाढत नाही. पद्धत जुनी आणि चालणारी आहे. साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस, आणि १९९५ सालच्या आरएफसी १७९४ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती मांडणारी क्रमांकित कागदपत्रं) डीएनएसमधून भार कसा वाटायचा याचीच चर्चा आहे. पण तिच्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही हे आधी नीट पाहिलं नाही, तर १ वाजून ५ मिनिटांनी एक सर्व्हर धापा टाकतोय आणि दुसरा जवळपास रिकामा आहे, असं होतं.

डीएनएस फक्त पत्ते वाटतं. विनंत्या त्याच्यातून जातच नाहीत. झिरो माइलजवळची दिशादर्शक पाटी रस्ता दाखवते, पण त्या रस्त्याने किती गाड्या गेल्या आणि पुढचा पूल बंद आहे का, हे तिला कळत नाही, डीएनएसचंही तसंच. पुढच्या बहुतेक अडचणी यातूनच येतात.

आधी रेकॉर्ड पाहू. समजा साइटचं नाव निकाल.उदाहरण.भारत आहे. झोन फाइलमध्ये, म्हणजे डोमेनचे रेकॉर्ड लिहिलेल्या फाइलमध्ये, दोन ओळी येतात:

निकाल ६० आयएन ए २०३.०.११३.१०
निकाल ६० आयएन ए १९८.५१.१००.२०

हे दोन्ही पत्ते केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटांतले आहेत. प्रत्यक्षात सगळं इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत टाइप करायचं, आणि डोमेन देवनागरी असेल तर झोन फाइलमध्ये त्याचं प्यूनीकोड, म्हणजे इंग्रजी अक्षरांतलं, रूप लिहायचं. नाव तेच, प्रकार तोच, फक्त पत्ता वेगळा. ६० म्हणजे टीटीएल, उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं ती मुदत, सेकंदांत. एका नावाच्या एकाच प्रकारच्या सगळ्या रेकॉर्डचा टीटीएल सारखाच हवा; काही पॅनल वेगवेगळे आकडे टाकू देतात, पण ते करू नका. प्रत्येक ए रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही४ चा पत्ता, उत्तरात १६ बाइट घेतो, त्यामुळे चार-सहा पत्त्यांनी काही बिघडत नाही.

नेम सर्व्हर, म्हणजे झोन फाइल वाचून उत्तर देणारा सर्व्हर, दर वेळी हे पत्ते क्रम बदलून देतो. बाइंड या नेम सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये हा क्रम आरआरसेट-ऑर्डर या सेटिंगने ठरतो. बहुतेक ब्राउझर यादीतला पहिला पत्ता घेतात, म्हणून साधारण निम्मे लोक इकडे, निम्मे तिकडे. कागदावर तरी.

मध्ये रिझॉल्व्हर, म्हणजे वापरणाऱ्याच्या वतीने पत्ता विचारून आणणारा सर्व्हर, बसलेला असतो, आणि खरा घोळ तिथे आहे. सीताबर्डीवर उभं राहून मोबाइलवर साइट उघडणारा विद्यार्थी तुमच्या नेम सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. त्याच्या मोबाइल कंपनीचा रिझॉल्व्हर एकदा उत्तर आणतो आणि टीटीएल संपेपर्यंत तेच हजारो जणांना देतो. तुम्ही दोन्ही पत्ते एकत्र दिले असतील, तर दोन्ही त्याच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, असतात आणि बरेच रिझॉल्व्हर तिथूनच क्रम फिरवून देतात. अनबाउंड या रिझॉल्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी आरआरसेट-राउंडरॉबिन हे सेटिंग आहे. वाटणी बऱ्यापैकी होते.

आता हीच गोष्ट वजनाच्या रेकॉर्डने करून बघा. अनेक क्लाउड डीएनएस सेवांत एका पत्त्याला ७० आणि दुसऱ्याला ३० असं वजन देता येतं. मोठ्या सर्व्हरकडे जास्त लोक पाठवायचे म्हणून हे आकर्षक वाटतं. पण अशा वेळी नेम सर्व्हर प्रत्येक चौकशीला साधारणपणे एकच पत्ता देतो. रिझॉल्व्हरच्या कॅशमध्ये तो एकटाच बसतो, आणि टीटीएल ३०० असेल तर त्या कॅशमागचे सगळेच्या सगळे पाच मिनिटं एकाच सर्व्हरवर जातात. दिवसभर पसरलेल्या ट्रॅफिकमध्ये हे ७०-३० च्या आसपास जुळून येतं, कारण चौकशा पुष्कळ होतात. निकालाच्या दिवशी मात्र पहिली पाच मिनिटंच निर्णायक असतात, आणि त्या पाच मिनिटांत मोठ्या कॅशकडून एकेकच चौकशी येते. नाणं मोजक्या वेळाच उडवलं तर छापा-काटा सारखे पडतील याचा भरवसा नाही. म्हणून एकदम उसळणाऱ्या गर्दीसाठी सारख्या ताकदीचे सर्व्हर घ्या आणि सगळे पत्ते एकाच उत्तरात द्या. वजनाचे रेकॉर्ड नव्या सर्व्हरवर हळूहळू, आधी ५ टक्के, मग २० टक्के लोक सरकवण्यासाठी उत्तम आहेत.

घोळाचं दुसरं ठिकाण आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांचा नवा, लांब प्रकार. भारतात मोबाइलवरचा मोठा ट्रॅफिक आयपीव्ही६ वरून येतो. जिओचं जाळं तर बहुतांशी त्यावरच चालतं. जुन्या सर्व्हरला चार-ए रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६ चा पत्ता, आधीपासून आहे आणि नव्याला फक्त ए रेकॉर्ड जोडला, तर आयपीव्ही६ वाले सगळे जुन्याच सर्व्हरकडे जातील. हॅपी आयबॉल्स ही दोन्ही प्रकारचे पत्ते थोड्या अंतराने आजमावण्याची पद्धत वापरणारे ब्राउझर आयपीव्ही६ ला आधी संधी देतात. आरएफसी ८३०५ मध्ये पुढचा पत्ता आजमावण्याआधी २५० मिलिसेकंद थांबायची शिफारस आहे. एवढ्या वेळात आयपीव्ही६ ची जोडणी सहसा झालेली असते. ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून तपासणारा माणूस ‘वाटणी तर बरोबर चालू आहे’ म्हणतो, कारण त्याची लाइन आयपीव्ही४ ची असते. उपाय सरळ आहे: दोन्ही सर्व्हरना दोन्ही प्रकारचे रेकॉर्ड द्या, नाहीतर चार-ए काढून टाका. पहिला उपाय चांगला.

दोन्हीकडे चार-ए दिले तरी वाटणी अगदी सारखी होईलच असं नाही. आरएफसी ६७२४ मधल्या पत्ते निवडण्याच्या नियमांत, बाकी सगळं सारखं असेल तर स्वतःच्या पत्त्याशी सुरुवातीचे जास्त बिट जुळणारा पत्ता आधी घ्यावा, असा एक नियम आहे. तो पाळणारं उपकरण तुम्ही क्रम कसाही फिरवा, त्याच सर्व्हरकडे जाणार. ६०-४० इतका फरक दिसला तर सेटिंग चुकलंय असं समजून रेकॉर्ड उलटसुलट करत बसू नका.

आता क्षमतेचा हिशेब. सर्व्हर दोन असतील तर ऐन गर्दीतही प्रत्येकावर निम्म्याहून कमी भार हवा, कारण एक पडला की दुसऱ्याने सगळं उचलायचं आहे. तीन असतील तर प्रत्येकी दोन तृतीयांशाच्या आत. दोन्ही सर्व्हर ८० टक्क्यांवर चालवून ‘आपल्याकडे दोन आहेत’ असं समाधान मानलं, तर एक पडताच दुसराही जातो.

एक सर्व्हर पडला की काय होतं, हे तो कसा पडला यावर अवलंबून आहे. सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

मशीन चालू आहे पण वेब सर्व्हर बंद आहे, अशा वेळी जोडणीला लगेच नकार मिळतो आणि ब्राउझर क्षणात यादीतला पुढचा पत्ता घेतो. वापरणाऱ्याला कळतही नाही.

मशीनच बंद आहे किंवा फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देते आहे, अशा वेळी उत्तर येतच नाही. समोरचं उपकरण १ सेकंदाने, मग ३, ७, १५ सेकंदांवर पुन्हा पुन्हा विचारत राहतं. पूर्वापार चालत आलेल्या लिनक्स सेटिंगनुसार पूर्ण हार मानायला १२७ सेकंद लागतात. ब्राउझर त्याआधीच दुसऱ्या पत्त्याकडे वळू शकतो, पण तोवर निकाल बघणारा पोरगा दहा वेळा रिफ्रेश करून मोकळा झालेला असतो.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर चालू आहे, त्याच्यामागचं पीएचपी किंवा डेटाबेस बसला आहे, आणि प्रत्येकाला ५०२ या चुकीची पाटी मिळते आहे. ब्राउझरच्या दृष्टीने जोडणी यशस्वी झाली, उत्तरही आलं. तो दुसऱ्या पत्त्याकडे बघणारसुद्धा नाही. निम्मे लोक सुखात, निम्मे ५०२ वर, आणि फोन येतात तेव्हा तुमच्या स्क्रीनवर साइट छान चालू असते.

म्हणून प्रत्येक मशीनवर एक छोटी स्क्रिप्ट ठेवावी. दर १० सेकंदांनी ती स्थानिक ॲप्लिकेशनला हाक मारते आणि लागोपाठ तीनदा चुकीचं उत्तर आलं की ८० आणि ४४३ हे पोर्ट बंद करते. बंद करताना आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, ड्रॉप वापरू नका. रिजेक्ट आणि त्याला टीसीपी-रिसेटची जोड द्या. ड्रॉपमुळे वरचा दुसरा प्रकार होतो, रिसेटमुळे पहिला. फरक एका शब्दाचा आहे, पण वापरणाऱ्यासाठी तो काही सेकंदांच्या ताटकळण्याचा आहे. मात्र दोन्ही सर्व्हर एकाच डेटाबेसवर चालत असतील, तर डेटाबेस अडखळताच दोन्ही मशीन स्वतःला बंद करतील. हे टाळायचं तर तपासणीत फक्त त्या मशीनवरचंच बघा, सामाईक गोष्टी नाही.

डीएनएस सेवेची स्वतःची हेल्थ चेक घेतली तर पडलेला पत्ता उत्तरातून आपोआप निघतो. ॲमेझॉनच्या रूट ५३ मध्ये ही तपासणी दर ३० किंवा १० सेकंदांनी होते. स्वतःचा पॉवरडीएनएस हा नेम सर्व्हर चालवत असाल तर त्याच्या लुआ रेकॉर्डमधलं इफपोर्टअप हे फंक्शन तेच काम करतं. वेळेचा हिशेब मात्र करा: ३० सेकंदांची तपासणी, तीनदा अपयश म्हणजे ९० सेकंद, वर टीटीएलचे ६०, अडीच मिनिटं सहज जातात. १० सेकंदांची तपासणी आणि ६० चाच टीटीएल घेतला तर दीड मिनिट. आणि सगळेच सर्व्हर आजारी ठरले तर काय, हे सेवा निवडतानाच वाचून ठेवा. रूट ५३ अशा वेळी सगळेच निरोगी आहेत असं धरून उत्तर देतं, आणि ते शहाणपणाचं आहे.

हे सगळं व्हायच्या आधी सर्व्हर एकमेकांची जागा घेऊ शकतात का ते बघायला हवं. पीएचपी मूळ सेटिंगमध्ये सेशन, म्हणजे लॉगिन केलेल्याची चालू माहिती, त्याच मशीनच्या फाइलमध्ये ठेवतं. विद्यार्थ्याने घरच्या वायफायवर लॉगिन केलं, बसमध्ये बसल्यावर मोबाइल डेटा सुरू झाला, रिझॉल्व्हर बदलला, दुसरा पत्ता मिळाला आणि अर्धा भरलेला प्रवेश अर्ज गेला. सेशन रेडिससारख्या सामाईक साठ्यात किंवा डेटाबेसमध्ये ठेवा, म्हणजे दोन्ही मशीनना दिसेल. लाराव्हेलची ॲप-की, जँगोची सीक्रेट-की, वर्डप्रेसचे सॉल्ट, या गुप्त किल्ल्या सगळीकडे त्याच हव्यात. घड्याळं क्रोनी या प्रोग्रामने जुळवा, नाहीतर एकाने दिलेलं टोकन दुसरा ‘मुदत संपली’ म्हणून परत करतो. अपलोड झालेले फोटो आणि मार्कशीट एका मशीनच्या डिस्कवर ठेवू नका. ऑब्जेक्ट स्टोरेज हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग आहे. क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, एकाच मशीनवर चालू ठेवा. दुसरं मशीन पहिल्याची हुबेहूब नक्कल करून उभं केलं की क्रॉनही सोबत येतं, आणि पालकांना फीचा एसएमएस दोनदा जातो.

सर्टिफिकेट ही नेहमी अडणारी जागा. लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत सर्टिफिकेट देणारी सेवा आहे; ते एचटीटीपी पद्धतीने पडताळणी करतं तेव्हा ते तुमच्याच नावावरून एक फाइल मागतं. फाइल पहिल्या मशीनवर, आणि चौकशी गेली दुसऱ्यावर. शिवाय २०२० पासून ही पडताळणी एकाच वेळी अनेक ठिकाणांहून होते, त्यामुळे नशिबाने पार पडण्याची शक्यता आणखी कमी. डीएनएस पद्धत वापरा: टीएक्सटी रेकॉर्डने पडताळणी करा, एकाच मशीनवर सर्टिफिकेट काढा, दोन्हीकडे कॉपी करा आणि दोन्हीकडचे वेब सर्व्हर रीलोड करा. शेवटची पायरी सुटली तर दुसरा सर्व्हर जुनंच सर्टिफिकेट दाखवत राहतो आणि मुदत संपल्यावर निम्म्या लोकांना लाल इशारा दिसतो.

नागपूरकरांपुढे एक जास्तीचा प्रश्न असतो: सर्व्हर कुठे ठेवायचे? मुंबई साधारण ८०० किलोमीटर, हैदराबाद साधारण ५००. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला जवळपास २०० किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान ८ आणि ५ मिलिसेकंद. प्रत्यक्षात मार्ग फिरून जातात, त्यामुळे जास्त. वाचणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. जाणवतो तो डेटाबेस मुंबईत आणि वेब सर्व्हर हैदराबादेत ठेवल्यावर. एका फेरीला १५ मिलिसेकंद धरा, आणि पान उघडायला एकामागून एक ४० क्वेरी लागत असतील तर ६०० मिलिसेकंद नुसत्या प्रवासात गेले. दोन शहरांत सर्व्हर ठेवायचे तर वाचण्यासाठी डेटाबेसची प्रत दोन्हीकडे ठेवा, नाहीतर दोन्ही सर्व्हर एकाच शहरात घ्या.

धरमपेठेत किंवा सदरमध्ये ऑफिसातच सर्व्हर ठेवून दोन ब्रॉडबँड लाइनचे दोन पत्ते डीएनएसमध्ये टाकणारेही आहेत. निकालासारख्या कामासाठी आमचं मत स्पष्ट आहे: नको. निकाल मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास, एसी बंद पडला की खोलीतलं मशीन स्वतःला बंद करतं आणि दोन्ही पत्ते एकदम जातात. दोन लाइन दोन कंपन्यांच्या असल्या तरी शेवटचे दोनशे मीटर एकाच खांबावरून किंवा एकाच नळीतून येत असतील, तर सिमेंट रस्त्याच्या खोदकामात दोन्ही एकाच फावड्याने तुटतात. जोडणी घेतानाच केबल कुठून येते ते डोळ्यांनी बघून घ्या.

सर्व्हर दोनपेक्षा जास्त झाले की डीएनएसवरचं ओझं कमी करा. एका डेटा सेंटरमध्ये समोर विनंत्या वाटून देणारे दोन एचएप्रॉक्सी, त्यांच्यात कीपअलाइव्हडीने फिरणारा (एक पडला की दुसऱ्याकडे जाणारा) एक पत्ता, आणि मागे हवे तितके वेब सर्व्हर. डीएनएसमध्ये फक्त तो एक पत्ता. दुसऱ्या शहरातही तशीच मांडणी केली तर डीएनएसमध्ये एकूण दोन पत्ते, आणि दोन्हींमागे सांभाळणारं कोणीतरी. एचएप्रॉक्सीला कोण जिवंत आहे, कोणावर किती जोडण्या आहेत हे दर क्षणी ठाऊक असतं, म्हणून बारीक वाटणी त्याच्याकडेच शोभते.

तारीख जवळ आली की टीटीएल. तो सध्या ८६४०० असेल तर आज ६० केला तरी ज्यांच्या कॅशमध्ये जुनं उत्तर आहे ते आणखी २४ तास तेच धरून बसणार. त्यामुळे बदलाच्या किमान दोन दिवस आधी टीटीएल कमी करा, झोन फाइलमधला सिरियल नंबर वाढवा, आणि डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या डिग कमांडने प्रत्येक नेम सर्व्हरला वेगवेगळं विचारून नवा आकडा आला का ते बघा. दुय्यम नेम सर्व्हर जुन्याच फाइलवर अडकलेला असणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि सिरियल वाढवायचं राहिलं हे त्याचं नेहमीचं कारण. ६० पेक्षा खाली जाण्यात फार अर्थ नाही. चौकशा वाढतात, आणि काही रिझॉल्व्हर स्वतःची किमान मर्यादा लावून तो आकडा मानतही नाहीत. काम संपलं की पुन्हा ३०० किंवा ३६०० करा.

प्रत्येक सर्व्हर सुटा तपासण्यासाठी कर्ल या कमांडचा रिझॉल्व्ह हा पर्याय वापरा. नाव तेच राहतं, सर्टिफिकेटही तपासलं जातं, फक्त पत्ता तुम्ही सांगाल तो. दोन्हीकडे लॉगिन, अर्ज, अपलोड करून बघा. मग दोघांच्या ॲक्सेस लॉगमधल्या दर मिनिटाच्या विनंत्या शेजारी शेजारी ठेवा. वाटणीचा खरा पुरावा तिथे मिळतो. दहा वेळा डिग मारून क्रम फिरतोय एवढंच कळतं.

नेम सर्व्हरही एकाच कंपनीकडे, एकाच जाळ्यात असतील तर वेब सर्व्हर कितीही असले तरी साइटचं नावच हरवू शकतं. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या डीएनएस कंपनीवर मिराई बॉटनेटचा, म्हणजे ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याचा, हल्ला झाला तेव्हा अनेक मोठ्या साइट्स लोकांना उघडेनात, आणि त्यांचे वेब सर्व्हर मात्र धडधाकट होते. दोन वेगळ्या कंपन्यांचे नेम सर्व्हर ठेवणं शक्य असेल तर ठेवा.

निकालाची धामधूम संपल्यावर भाड्याचा सर्व्हर सोडताना क्रम उलटा करू नका. आधी डीएनएसमधून त्याचा ए आणि चार-ए रेकॉर्ड काढा. टीटीएलच्या दुप्पट वेळ थांबा आणि लॉग बघत राहा. उघड्या राहिलेल्या जोडण्या, पत्ता धरून ठेवणारे जुने जावा प्रोग्राम, सुरू होतानाच नाव एकदा सोडवून घेणारे एनजिनएक्स प्रॉक्सी यांच्या विनंत्या त्यानंतरही येत असतात. दोन-तीन दिवस त्या सर्व्हरवरून विनंत्या उरलेल्या सर्व्हरकडे पुढे पाठवा. ओघ आटला की मगच मशीन बंद करा. आयपी पत्ता परत केला आणि रेकॉर्ड विसरला, तर होस्टिंग कंपनी तोच पत्ता दुसऱ्या ग्राहकाला देते. तुमच्या निम्म्या वाचकांना मग त्याची पानं दिसतात, आणि तो तुमच्या नावाचं सर्टिफिकेटही एचटीटीपी पडताळणीने मिळवू शकतो.